खिडकीकडची खुर्ची

त्या सलूनमध्ये खुर्च्या दोनच होत्या. एक खिडकीकडे, एक दाराकडे. गिऱ्हाइकांनी कारागिरांची नावंही त्यावरूनच पाडली होती, खिडकीवाला आणि दारवाला. दोघं एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकले, त्याच्याच टपल्या खाल्ल्या, आणि उस्तादाचे हात थरथरायला लागले तेव्हा दोघांनी मिळून दुकान चालवायला घेतलं. पोरवयापासूनची दोस्ती. एकमेकांचे केसही तेच कापायचे, कारण दुसऱ्या कुणाच्या हातात डोकं द्यायला दोघंही तयार नव्हते.

खिडकीवाल्याचा हात चांगला होता, पण त्याची खरी कमाई जिभेवर होती. तो गिऱ्हाइकाच्या तोंडाशी तोंड नेऊन मिशी कोरायचा आणि कोरता कोरता हळू आवाजात अशी काही गोष्ट सांगायचा, की माणसाला हसू दाबता दाबता घाम फुटायचा. "हसू नका साहेब," तो म्हणायचा, "मिशी एका बाजूने उडाली तर घरात घ्यायचे नाहीत." लोक त्याच्या खुर्चीसाठी थांबून राहायचे. दाराकडची खुर्ची रिकामी असली तरी "असू दे, घाई नाही" म्हणून पुन्हा पेपर उघडायचे. दारवाला अशा वेळी कात्रीला तेल घालत बसायचा. तो मुळातच कमी बोलायचा. निदान खिडकीवाल्याला तरी तसं वाटायचं.

मग कधीतरी वारं फिरलं. कधी, ते सांगता येणार नाही. पहिले उठले ते पोस्टमास्तर. निवृत्त झालेले, रोज दाढीला येणारे, खिडकीवाल्याचे अगदी हक्काचे श्रोते. एके सकाळी ते सरळ दाराकडच्या खुर्चीत बसले. "त्या खिडकीतून उजेड येतो हो डोळ्यांवर," ते म्हणाले. "मोतीबिंदू काढल्यापासून सोसत नाही." मग शाळेतले ड्रॉइंगचे मास्तर गेले. त्यांना म्हणे दाराजवळून चटकन उठता येतं. नंतरच्यांनी कारण द्यायचीही तसदी घेतली नाही.

खिडकीवाल्याने बाजारातून जाड पडदा आणला. दारवाला स्टुलावर चढला, त्याने भिंतीत खिळे ठोकले, हा खालून एकेक खिळा देत गेला. पडदा झोकात बसला. उजेड गेला, गिऱ्हाईक काही परत आलं नाही.

मग त्याला वाटलं, आपल्या गोष्टी शिळ्या झाल्या. माणूस तरी तेच तेच किती ऐकणार? तो पेपरातले विनोद पाठ करायला लागला. घरी आरशासमोर उभा राहून नव्या गोष्टी म्हणून बघायचा, हात कुठे थांबवायचा, आवाज कुठे उतरवायचा. सांगायला लागला की समोरचा माणूस डोळे मिटून घ्यायचा, मान जराशी मागे न्यायचा. त्याला वाटायचं, कंटाळला.

दारवाल्यानेच एकदा तोड सुचवली. "असं करू," तो म्हणाला, "तुझा हात कात्रीवर बसलाय, माझा वस्तऱ्यावर. तू कटिंग कर, दाढी-मिशी मी बघतो. तुझ्या डोळ्यांनाही आराम." कटिंगला माणसाच्या मागे उभं राहायचं, दाढीला पुढे, हे काही त्याच्या ध्यानात आलं नाही. त्याला वाटलं, दोस्त आपल्या वयाची काळजी करतोय. त्याच आठवड्यात दारवाल्याने आरशाखाली पेपरमिंटच्या गोळ्यांची बरणी आणून ठेवली. "खात जा रे अधूनमधून. घसा ओला राहतो, तू बोलतोस किती." खिडकीवाल्याला त्या दिवशी दोस्ताचं फार कौतुक वाटलं. बायकोला त्याने मुद्दाम सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही.

घरातही काहीतरी बदललं होतं. बायको भिंतीकडे तोंड करून झोपायला लागली होती. मान अवघडते म्हणाली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर कुणाची ना कुणाची मान अवघडायचीच, असं म्हणून त्याने तेही सोडून दिलं.

आता राहिल्या हिरड्या. ब्रश केल्यावर रक्त येण्याची त्याला कित्येक वर्षांची सवय होती. आधी वाटलं ब्रश कडक आहे, म्हणून मऊ घेतला. तरी यायचं, मग जिथून येतं तिथे ब्रश न्यायचाच नाही असं त्याने ठरवलं. न्हाव्याला कापलेल्या जागेवर पुन्हा वस्तरा फिरवायचा नाही हे पहिल्या दिवशी शिकवतात. त्यामुळे हे त्याला मोठं शहाणपणाचं वाटलं. काही दिवस तर त्याने हिरड्यांवर तुरटीही चोळली. गालावरचं रक्त तुरटीने थांबतं, मग हिरडीचं का नाही? तोंड वाळून कडू झालं, रक्त होतं तिथेच राहिलं. दुखत मात्र काहीच नव्हतं. आणि न दुखणाऱ्या गोष्टीसाठी डॉक्टरकडे जाणारा माणूस त्याने आजवर पाहिला नव्हता.

एका दुपारी दुकानात बसून तो सफरचंद खात होता. दातांत एकदम काहीतरी सरकल्यासारखं झालं. सफरचंदाच्या पांढऱ्या गरावर लाल ओघळ होता. त्याने जिभेने चाचपून पाहिलं, तर खालचा पुढचा दात दारासारखा पुढे-मागे होत होता.

दाताची डॉक्टर दोन गल्ल्या पलीकडे, औषधाच्या दुकानाच्या वर बसायची. त्याच्या मुलीच्या वयाची असेल. तिने त्याला आडवं केलं, दिवा ओढला, आणि काळ्या रेघा असलेली एक बारीक सळई दात आणि हिरडी यांच्यामध्ये अलगद सरकवत गेली. प्रत्येक दातापाशी ती एक आकडा म्हणायची. हलणाऱ्या दातापाशी आली तेव्हा आकडा म्हणायच्या आधी क्षणभर थांबली.

मग तिने एक्स-रे काढला आणि पडद्यावर लावून दाखवला.

"काका, दात तुमचे चांगले आहेत. कीड जवळजवळ नाही. ही बघा, ही हाडाची रेघ. खरं म्हणजे ती इथवर पाहिजे." तिने पेनाचं टोक दातांच्या मानेपाशी ठेवलं आणि मग खाली, बरंच खाली आणलं. "ती इथे आहे. दात ज्यात रोवलेले असतात ते हाडच झिजलंय."

"कशाने?"

"हिरडीच्या कडेला रोज एक चिकट थर बसतो. तो काढला नाही की कडक होतो, दगडासारखा. मग हिरडी सुजते, दातापासून सुटते आणि मध्ये खिसा तयार होतो. त्या खिशात ब्रश पोचत नाही. जंतूंना आयतं घर मिळतं. तिथे राहून ते खालचं हाड खात जातात."

"पण मला कधी दुखलं नाही."

"इथेच तर सगळे फसतात. दात किडला की रात्रभर बोंब मारतो. हिरडी मुकाट्याने जाते. रक्त येणं हीच तिची तक्रार, आणि नेमकं तेच आपण मनावर घेत नाही." तिने विचारलं, "रक्तातली साखर तपासली आहे कधी?"

"नाही."

"तपासून घ्या. साखर वाढलेली असली की हिरड्या लवकर हात टेकतात, आणि हिरड्या अशा असल्या की साखर आवरत नाही. दोघींचं संगनमत असतं."

ती हातमोजे काढत होती. मग अगदी सहज, पुढच्या तारखेबद्दल विचारावं तसं तिने विचारलं, "वासाबद्दल घरात कुणी काही म्हणालं नाही?"

"कसला वास?"

तिचा हात थांबला. तिने तोंडावरचा मास्क खाली घेतला, स्टूल जवळ ओढलं आणि त्याच्या समोर बसली. "तोंडाला वास येतो काका. या आजारात येतो तो. आपल्याला स्वतःला कळत नाही, नाकाला सवय होऊन जाते. उपचार केले की जातो."

"फार येतो?"

"हो," ती म्हणाली. नजर तिने वळवली नाही.

त्याने गुळणीच्या भांड्याकडे बघितलं. मग म्हणाला, "मी न्हावी आहे."

तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं. उठून तिने त्याला पाण्याचा पेला भरून दिला.

रस्त्यावर आल्यावर त्याने ओंजळ तोंडावर धरून श्वास सोडून पाहिला. काहीच कळलं नाही. पण बाकी सगळं कळायला लागलं होतं, एकामागून एक. पोस्टमास्तरांचा मोतीबिंदू. मास्तरांची घाई. मिटलेले डोळे, मागे जाणारी मान. तो आरशासमोर उभा राहून विनोद पाठ करत होता, आणि लोक श्वास धरून बसत होते. केळीवाल्यापाशी तो थांबला तेव्हा तोंड न उघडता नुसत्या बोटाने त्याने घड दाखवला. केळीवाल्याने विचारलं, "आज मौन आहे वाटतं?"

घरी बायको इस्त्री करत होती.

"माझ्या तोंडाला वास येतो?" त्याने दारातूनच विचारलं.

तिने इस्त्री उभी करून ठेवली. "आज कसं काय विचारलंत?"

"येतो का?"

"येतो."

"कधीपासून?"

"तुम्हाला माहीत आहे की."

"मला आज कळलं. डॉक्टरने सांगितलं."

ती त्याच्याकडे बघत राहिली. आधी रागाने, मग तो राग हळूहळू गोंधळात बुडाला. ती पलंगाच्या कडेला बसली. "असं कसं? भाऊजींनी सांगितलं होतं तुम्हाला."

दारवाल्याला ती भाऊजी म्हणायची. दर रविवारी तो त्यांच्याकडे जेवायला असायचा.

"मला कुणी काही सांगितलेलं नाही," खिडकीवाला म्हणाला. "तू काय बोलतेयस ते नीट सांग."

"मीच गेले होते त्यांच्याकडे. दोन वर्षं होत आली. माझ्या तोंडून निघेना हो. म्हटलं, बायकोने सांगितलं तर लागेल, दोस्त आहे, चेष्टेचेष्टेत काढेल विषय. ते म्हणाले, मी बघतो वहिनी. आणि चार दिवसांनी आले, तुम्ही दुकानात होतात. म्हणाले, सांगितलं, पण फार मनाला लावून घेतलंय त्याने. म्हणतो, बायकोने माझी अब्रू वेशीवर टांगली. तुम्ही आता हा विषय घरात काढूच नका, घर मोडेल."

"मी असं म्हणालो?"

"मला काय माहीत? मला वाटलं, म्हणाला असाल."

"आणि तू दोन वर्षं गप्प बसलीस?"

"मी वाट बघत होते. वाटलं, राग निवला की दाखवाल कुणाला तरी. तुम्ही काही केलंच नाहीत. नुसते पेपरमिंट चघळत हिंडलात. मग मी समजले, यांना माझ्यापेक्षा यांचा मान मोठा आहे." ती पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत होती. "मी भिंतीकडे तोंड करून झोपायचे ना, ते काय नुसतं वासामुळे नाही. वासामुळेही. पण जास्त रागाने."

तो खाली जमिनीवर बसला. बायको दोन वर्षं आपल्यावर रागावलेली होती आणि ज्यासाठी रागावली होती ते आपल्याला ठाऊकच नव्हतं. त्याला तिच्यावरही रागावायचं होतं. एवढी वर्षं एका ताटात जेवलो, मग मलाच एक शब्द विचारायला काय झालं होतं, असं म्हणायचं होतं. पण तिच्याकडे पाहिलं तर ती त्याच्याहून जास्त फसवली गेल्यासारखी दिसत होती.

दुसऱ्या दिवशी तो लवकर दुकानात गेला. पडदा त्याने सळईसकट उतरवून कोपऱ्यात टाकला. दारवाला आला, उघड्या खिडकीकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"डॉक्टरकडे गेलो होतो," खिडकीवाला म्हणाला. "हिरड्या गेल्या आहेत. वास येतो म्हणाली."

कुणीही निदान "कसला वास" असं विचारलं असतं. दारवाल्याने विचारलं नाही. तो हातातली पिशवी खाली ठेवायला विसरून तसाच उभा राहिला.

"हिला काय सांगितलंस तू?"

"तुला वाईट वाटेल म्हणून…"

"मला वाईट वाटू नये म्हणून तिच्याशी खोटं बोललास? मला सांगायला तुला तोंड नव्हतं, मग खोटं बोलायला कुठून आलं?"

दारवाला आपल्या खुर्चीच्या हातावर टेकला. रस्त्यावर कुणीतरी शटर वर केलं त्याचा आवाज आला.

"पहिल्या दिवशी मी खरंच सांगणार होतो," तो म्हणाला. "तू कुणाला तरी गोष्ट सांगत होतास, दुकान हसत होतं. म्हटलं, आज नको, उद्या. दुसऱ्या दिवशी पोस्टमास्तर आले आणि माझ्या खुर्चीत बसले. तुझी रिकामी होती, तरी माझ्या. असं या दुकानात कधी झालं नव्हतं."

"मग?"

"मग मला बरं वाटलं."

त्याने हे अगदी साध्या आवाजात सांगितलं.

"उस्तादांच्या वेळेपासून मी तुझ्या खुर्चीपुढची गर्दी बघत कात्र्यांना तेल घालतोय," दारवाला म्हणाला. "तू कधी विचारलंस, तुला कसं वाटतं रे?"

"नाही विचारलं. ती माझी चूक. पण मी तुझ्या घरच्यांशी कधी खोटं बोललो नाही." खिडकीवाल्याने कोपऱ्यातल्या पडद्याकडे बोट दाखवलं. "हा लावताना तू स्टुलावर उभा होतास, मी खिळे देत होतो. तेव्हा काय चाललं होतं तुझ्या डोक्यात?"

दारवाला पडद्याकडे बघत राहिला.

"बोल ना."

"स्टूल डुगडुगत होतं," तो म्हणाला. "पडेन की काय असं वाटत होतं."

दुसऱ्या कुठल्याही दिवशी खिडकीवाला यावर खदखदून हसला असता. "इतकी वर्षं वस्तरा हातात असून तू कुणाला ओरखडा काढला नाहीस," तो म्हणाला. "माझा गळा मात्र केसाने कापलास." आणि पहिलं गिऱ्हाईक आत आल्यामुळे दोघंही उठले. दिवसभर दोघं दोन खुर्च्यांपाशी उभे होते. कात्र्यांचा काय तो आवाज.

रविवारी दारवाला घरी आला. हातात फळांची पिशवी होती. बायकोने दार उघडलं, पण उंबऱ्यातून हलली नाही.

"वहिनी, मला दोन शब्द बोलू द्या."

"त्यांच्याशी काय बोलायचं ते बोला, तो तुमचा तुमचा प्रश्न," ती म्हणाली. "पण मला तुम्ही दोन वर्षं नवऱ्यावर विनाकारण रागावून जगायला लावलंत. ती वर्षं मी कुठून आणू? आणि ज्या घरात हे केलंत त्याच घरात दर रविवारी मांडी घालून जेवलात. घास कसा उतरला तुमच्या घशाखाली?"

आतल्या खोलीत खिडकीवाल्याने हे सगळं ऐकलं. तो बाहेर आला नाही. थोड्या वेळाने दार लावल्याचा आवाज झाला.

उपचार सुरू झाले. साखर वाढलेलीच निघाली, त्याच्या गोळ्या चालू झाल्या, पेपरमिंटची बरणी गेली. डॉक्टरने तोंडाचा एकेक भाग भूल देऊन साफ केला. वरवरचा नाही, हिरडीच्या आत जाऊन, मुळांवर बसलेला काळपट थर खरवडून काढला. तो खरवडण्याचा आवाज थेट कवटीत घुमायचा. खुर्चीत तो आडवा आणि दुसरं कुणीतरी हत्यार घेऊन तोंडाशी वाकलेलं, हा अनुभव त्याला नवा होता. गिऱ्हाइकाला काय वाटतं ते त्याला पहिल्यांदाच कळत होतं. हलणारा दात मात्र वाचला नाही. "हाडच उरलं नाही त्याच्याखाली," ती म्हणाली. "गेलेलं हाड परत येत नाही काका. आहे तेवढं धरून ठेवायचं."

"दोन वर्षांपूर्वी आलो असतो तर?"

तिने जरा विचार केला. "बहुतेक वाचला असता," ती म्हणाली. तिला माहीत नव्हतं की हे वाक्य त्याला किती दिवस झोपू देणार नाही.

दातांच्या फटीत घालायचे इवलेसे ब्रश तिने दिले होते. दुसऱ्या भेटीपासून बायको त्याच्याबरोबर यायला लागली. डॉक्टरने ते कसे फिरवायचे हे दाखवलं तेव्हा त्याच्यापेक्षा तिनेच नीट बघून घेतलं. सूज उतरल्यावर हिरड्या आक्रसल्या, दात लांब दिसायला लागले, गार पाण्याने शिरशिरायला लागले. त्याला वाटलं, बिघडलं. डॉक्टर म्हणाली, ही बरं होण्याचीच खूण. आणि खरोखरच एका सकाळी त्याने थुंकलं तर बेसिन पांढरं स्वच्छ होतं. त्याने बायकोला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, "थुंकी बघायला बोलावणारा नवरा जगात एकच असेल." तेव्हापासून रोज सकाळी तो तिच्यासमोर जाऊन "हा" करायचा आणि ती सांगायची. पहिले काही दिवस ती खरं सांगायची, "आहे थोडा." त्या "आहे थोडा"चं त्याला वाईट वाटायचं आणि बरंही वाटायचं. मग एक दिवस म्हणाली, "आज नुसता कांदा." त्या रात्री ती त्याच्या बाजूला तोंड करून झोपली.

एका दुकानात दोघांचं जमणं आता शक्य नव्हतं. दारवाल्याने बाजारामागे दुसरी जागा बघितली आणि आपली खुर्ची घेऊन गेला. खुर्ची टेम्पोत चढवताना खिडकीवाल्याने एका बाजूने हात लावला, कारण ती एकट्याला उचलत नव्हती. गिऱ्हाइकंही त्याच्यामागे गेली. खिडकीवाल्याला वाटलं होतं, आपलं तोंड बरं झालं की लोक आपोआप परत येतील. तसं झालं नाही. वास गेला हे लोकांना कोण सांगणार? दुकानाबाहेर पाटी तर लावता येत नाही.

बऱ्याच दिवसांनी पोस्टमास्तर आले. ते सावकाश खुर्चीत बसले. खिडकीवाल्याने फेस केला, गालांना लावला, वस्तरा उघडला. जवळ वाकताना त्याचा श्वास आपोआप अडला. ती खोड आता त्यालाच लागली होती. पोस्टमास्तरांनी डोळे उघडेच ठेवले.

दाढी झाल्यावर ते म्हणाले, "राग मानू नका, पण एक विचारतो. औषध लागू पडलं म्हणायचं शेवटी?"

"कुठलं औषध?"

"तेच, तुमचं पोटाचं. तुमचा दोस्त सांगायचा ना आम्हाला. म्हणायचा, जुना आजार आहे, उपचार चालू आहेत, त्याच्याशी बोलू नका, फार लाजतो. मी एकदा तुम्हाला बाजूला घेऊन बोलणारच होतो. माझ्या धाकट्या भावालाही असंच झालं होतं, हिरड्यांमुळे. पण हा म्हणाला, नका, जीवाला लावून घेईल. म्हणून मग मी आपला मोतीबिंदूच पुढे करत राहिलो."

खिडकीवाला टॉवेलची घडी करत होता. ती घडी त्याने उलगडली आणि पुन्हा केली. त्याला वाटलं होतं, आपल्याला सगळं समजलं आहे. दोस्त बोलला नाही, बायकोशी एकदा खोटं बोलला, मत्सर वाटला, माणूस आहे. पण हे एकदाचं खोटं नव्हतंच. जो जो माणूस आपल्याला सांगायला निघाला त्याला त्याला त्याने वाटेत गाठून परत पाठवलं होतं. मायेच्या सुरात. लाजतो हो बिचारा.

"बरं झालं सांगितलंत," तो पोस्टमास्तरांना म्हणाला. त्यांच्या मानेवरचा उरलेला फेस त्याने पुसला.

त्यानंतर एकदा बाजारात दारवाला समोर आला. चुकवायला जागा नव्हती, दोन्ही बाजूंना हातगाड्या होत्या. तो वाळला होता. केस कानांवर आले होते, मागून वेडेवाकडे कापलेले. नव्या कुठल्या तरी हाताला डोकं दिलं असावं.

"बरा दिसतोस," दारवाला म्हणाला.

"दिसत असेन. पण तू म्हणतोस म्हणून आता तेही खरं धरता येत नाही."

दारवाल्याने मान खाली घातली. "पोस्टमास्तर बोलले असतील तुझ्याशी."

"बोलले."

"एकदा सुरू केलं ते थांबवता आलं नाही रे. प्रत्येकाला तेच सांगत गेलो. शेवटी शेवटी मलाही वाटायला लागलं होतं की मी तुला जपतोय."

गाडीवाल्याने "बाजूला व्हा" म्हटलं तसा दारवाला वळून एका अंगाला झाला, आणि खिडकीवाल्याला त्याची मान मागून दिसली. कानाच्या मागे, केसांच्या कडेला एक तीळ होता. तो त्याने कितीतरी वेळा वस्तरा चुकवून वाचवला होता. तेव्हा मोहरीएवढा होता. आता तो पसरला होता, कडा फाटल्यासारख्या, आणि एका बाजूने काळाठिक्कर. ज्याने कुणी ते केस कापले होते त्याने एकतर बघितलं नव्हतं, किंवा बघून गप्प बसला होता.

तो दोन पावलं पुढे गेला. मग थांबला आणि मागे फिरला.

"तुझ्या कानामागचा तीळ वाढलाय," तो म्हणाला. "रंगही बदललाय. तुला दिसणार नाही, मागे आहे. आज-उद्याच दाखव डॉक्टरला, अंगावर काढू नकोस."

दारवाल्याचा हात कानामागे गेला. त्याचे डोळे भरून आले. "म्हणजे माफ केलंस मला?"

"नाही," खिडकीवाला म्हणाला. "तीळ वाढलाय, एवढंच सांगितलं."

आणि तो गर्दीतून दुकानाकडे निघाला.